वर्गणीदारांची वही

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची मोकळीक दिली तेव्हा त्यांची समजूत बहुधा अशी असावी की, आम्ही किमान वेतनावर नाही तर कंत्राटी कामगारांवर बोलू. त्या विषयांवर आम्ही कुरकुंभ आणि रांजणगावच्या फाटकांबाहेर वर्षाचे बारा महिने बोलतच असतो. वसंत ऋतूत तरी श्रोत्यांची त्यातून सुटका व्हावी. आज बोलायचे आहे ते धर्माविषयी. पण देवळातल्या नव्हे, टपालाने येणाऱ्या धर्माविषयी. ज्या पंथांना पुजारी नाही, यात्रा नाही, मठ नाही, ते पंथ टिकतात कशाच्या आधारावर? आमचे उत्तर असे आहे की, पुष्कळदा ते एका लहानशा नियतकालिकाच्या आधारावर टिकतात, आणि त्या नियतकालिकाबरोबरच पुष्कळदा विरतात.

हा विचार आमच्या डोक्यात आला तो एका परक्या मासिकामुळे. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाने इंग्लंडहून येताना 'पेगन डॉन' नावाचा एक अंक आणला होता. पेगन हा मूळचा लॅटिन शब्द, आणि त्याचा जुना अर्थ खेडवळ. रोमन शहरांत ख्रिस्ती धर्म पसरला, खेड्यांतली माणसे जुन्याच देवांना धरून राहिली, म्हणून शहरवाल्यांनी ती शिवी धर्माचे नाव करून टाकली, असे एक स्पष्टीकरण देतात. गावंढळ म्हणून हिणवलेल्या माणसाला हे स्पष्टीकरण पटायला फार पुरावा लागत नाही. विसाव्या शतकात तिकडे काही मंडळींनी ते जुने देव, केल्ट लोकांच्या नद्या, वृक्ष, ऋतूंचे सण यांची उपासना पुन्हा मांडली. इंग्लंडात चेटकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला, त्यानंतर ही मंडळी हळूहळू उघड झाली. १९६४ साली 'पेंटॅग्राम' हे पत्रक निघाले. १९६८ साली 'द विकन' निघाले. तेच १९९४ पासून 'पेगन डॉन' या नावाने चालू झाले. अमेरिकेत १९६८ सालीच 'ग्रीन एग' निघाले, तेही प्रारंभी एकाच पानाचे. मायकेल हॉवर्ड या गृहस्थांनी 'द कॉल्ड्रन' हे पत्र १९७६ साली सुरू केले आणि २०१५ साली मृत्यू येईपर्यंत चालवले.

ही उपासना खरोखर किती जुनी, हा वेगळा प्रश्न. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ साली एक मोठा ग्रंथ लिहून दाखवले की, तिच्यातले बरेचसे विधी अलीकडच्या काळात घडवलेले आहेत. आमचे लक्ष वेधले ते अंकाच्या मागच्या पानांनी. अमुक गावी अमुक वारी भेट, अमुक ठिकाणी ऋतूचा सण, इच्छुकांनी या पत्त्यावर लिहावे. विखुरलेली माणसे एकमेकांना सापडतात ती तिथे. आमच्या संघटनेच्या पत्रकाचे शेवटचे पानही असेच असे.

आता इंग्लंडातून परत आपल्या मुलखात येऊ. शिरूर तालुक्यातले करडे हे गाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला, आणि गाव पेटले. म्हणजे कोणी आग लावली नाही. सावकारांचे शेत कसायचे नाही, पाणी भरायचे नाही, हजामत करायची नाही, असा बहिष्कार गावाने घातला. हा बहिष्कार गावोगाव पसरला, आणि १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात, आणि भीमथडी म्हणजे आजच्या बारामती-दौंडचाच मुलूख. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. शेतकऱ्याला तोवर एकच वही ठाऊक होती, आणि तीत त्याचे नाव फक्त देणेकरी म्हणून असे.

या गडबडीच्या वर्षभर आधी, १८७३ च्या सप्टेंबरची २४ तारीख, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे त्याचे मुख्य म्हणणे. त्याच वर्षी डिसेंबरच्या २५ तारखेस सीताराम आल्हाट यांचा विवाह भटजीवाचून लागला, तो या पद्धतीचा पहिला. व्याख्यानात हे वाक्य सहज बोलून जाता येते. पण ज्या घरी हे लग्न लागायचे त्या घरची धाकधूक काय असेल? भटजी गेला म्हणजे मुहूर्त गेला, साक्ष गेली, उद्या पंचांपुढे हे लग्न खरे का खोटे हे सांगणाराही गेला. अशा घराला मंत्रांपेक्षा एका गोष्टीची गरज अधिक होती: आपण एकटे नाही, दहा कोसांवर दुसऱ्या घरीही हेच झाले आणि त्या घरावर वीज पडली नाही, ही बातमी. अशी बातमी नियमाने कोणी पोचवायची? पुण्यातली बहुतेक पत्रे ती छापायला उत्सुक नव्हती, आणि छापली तर टवाळीसाठी.

धर्मासाठी पत्र चालवण्याची विद्या या भागात नवी नव्हती, हे इथे सांगितले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली नगरला 'ज्ञानोदय' सुरू केला. याच मिशनचे एक ठाणे आपल्या शिरूरला होते. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता आणि तो आम्हांस मान्य असण्याचे कारण नाही. परंतु १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला तो 'ज्ञानोदया'नेच. दुसऱ्या धर्माच्या पत्राने जागा दिली, आपल्या लोकांचे पत्रच नव्हते. ही उणीव बावीस वर्षांनी भरून निघाली.

भांबुर्ड्याचे कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केला. मुहूर्त तर पाहा! दख्खनेत मोठा दुष्काळ पडलेला, माणसे गावे सोडून चाललेली. सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला पोरक्या मुलांसाठी अन्नछत्र उघडलेले. अशा साली शेतकऱ्यांच्या वर्गणीवर साप्ताहिक काढायचे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट बांधायची. भालेकरांना पत्राने नफा दिला नाही, तोटाच दिला, आणि तीन वर्षांत ते त्यांच्या हातून गेले. तरी पत्राचा ध्यास सुटला नाही. पुढे त्यांनी 'शेतकऱ्यांचा कैवारी' काढला. अशी माणसे आम्ही संघटनेत पाहिली आहेत. त्यांच्यावर घरचे लोक रागावलेले असतात आणि ते रागावणे योग्यच असते.

या समाजाजवळ सांगण्यासारखे काय होते, तेही थोडे पाहू. कारण पेगन मंडळींशी त्याचे नाते इथे लागते. १८७३ सालच्याच 'गुलामगिरी'त जोतीरावांनी बळीराजाची कथा उलटी करून मांडली. वामनाने पाताळात घातलेला बळी हाच शेतकऱ्यांचा न्यायी राजा. खंडोबा, भैरोबा हे त्याच्या राज्यातले अधिकारी. शेताच्या बांधावरचा म्हसोबा म्हणजे त्याचा महासुभा. ही व्युत्पत्ती आज कोणी भाषाशास्त्री मान्य करील असे आम्हांस वाटत नाही. तिकडे हटन यांनी केली तशी चिकित्सा इथेही करता येते, आणि केली पाहिजे. परंतु शेंदूर फासलेल्या ज्या दगडाला शिकलेले लोक हसत, तो तुमच्याच राज्याचा अंमलदार होता असे जेव्हा कुणब्याला सांगितले गेले, तेव्हा त्याने मान वर केली, हाही इतिहासच. गंमत म्हणजे जोतीराव लोकांना पुन्हा म्हसोबाला बकरे कापायला सांगत नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त पूज्य आहे तो एकच निर्मिक. जुने देव त्यांनी पूजेसाठी परत मागितले नाहीत, हक्कासाठी मागितले.

१८८० साली 'दीनबंधू' मुंबईला गेला आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आला. लोखंड्यांचे नाव आम्हां कामगारांत देवासारखे घेतले जाते, आणि म्हणूनच त्यांच्याविषयीची एक अडचणीची गोष्ट आम्ही लपवणार नाही. १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याचे पहिले दोन भाग 'दीनबंधू'त आले. पुढचे भाग लोखंड्यांनी छापले नाहीत. मजकूर तिखट होता, सरकारला झोंबणारा होता. देशी भाषांतल्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा तोवर रद्द झाला होता; पण कायदा गेला म्हणून भीती त्याच दिवशी जात नाही. जोतीराव संतापले. ज्या समाजाचे ते संस्थापक, त्या समाजाच्या पत्रात त्यांचाच लेख अर्ध्यावर थांबला!

कोणाची बाजू खरी? तरुणपणी आम्ही हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा लोखंड्यांना भित्रे ठरवून मोकळे झालो होतो. पुढे दहा-बारा वर्षे पत्रक चालवल्यावर मत बदलले. छापखान्याचे बिल, खटल्याची शक्यता, आणि पत्र बंद पडले तर खेड्यापाड्यांतल्या वाचकांचा एकुलता एक धागा तुटणार, हे सगळे संपादकाच्या डोक्यावर असते; लेखकाच्या डोक्यावर नसते. तरीही 'असूड' पुरा छापायला हवा होता, असेच आमचे मत आहे. शेतकऱ्याच्या दैन्याचा एवढा नेमका हिशेब त्या काळात मराठीत दुसऱ्या कोणी मांडला नव्हता, आणि तो शेतकऱ्यांच्याच पत्रात अर्धा राहिला. जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार' नावाचे आपले स्वतःचे छोटे पत्र काढले. पंडिता रमाबाई आणि ताराबाई शिंदे यांची बाजू त्यांनी त्यात निर्भीडपणे घेतली. 'सत्सारा'चे दोनच अंक निघाले. संस्थापकाला लिहिता येत होते, पत्र चालवणे हा मात्र वेगळा धंदा.

लोखंडे तो धंदा जाणत होते. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली, तीनच दिवसांनी दुसरी. मागण्या अशा: आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि काम करताना इजा झाली तर भरपाई. साडेपाच हजार कामगारांनी अर्जाला पाठिंबा दिला. मग १८९० च्या एप्रिलची २४ तारीख, महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा. तिच्यात दोन कामगार बायका उठून बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या मंडळाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा आमच्या जेजुरीच्या खंडोबाचा वार, म्हणूनच लोखंड्यांनी तो मागितला, असे आमच्या मंडळींत हौसेने सांगतात. आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा 'सांगतात' हा शब्द मुद्दाम घालतो.

आता ज्या गोष्टीसाठी एवढा फेरा घेतला ती. लोखंड्यांच्या या मिलहँड्स असोसिएशनविषयी सरकारी अहवालात असा शेरा आहे की, तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. शेरा खरा होता. १९२६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीला आली असती तर रजिस्ट्रारने कागद परत केले असते. पुष्कळ अभ्यासक म्हणूनच तिला कामगार संघटना म्हणायला तयार नसतात. परंतु तिच्याजवळ एक पत्र होते. दर आठवड्याला निघणारे, वर्गणीदार असणारे, पत्तेवार रवाना होणारे पत्र. सत्यशोधक समाजाचे गावोगावचे मानणारे आणि गिरण्यांतले त्यांचेच भाऊबंद यांना जोडणारी जी काही नोंद असेल, ती 'दीनबंधू'च्या वर्गणीदारांच्या वहीत. अहवाल लिहिणारे सभासदांचे रजिस्टर शोधत राहिले. ते छापखान्यात होते.

लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले. पुढे वासुदेव बिर्जे यांनी 'दीनबंधू' चालवला, आणि त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकाची खुर्ची घेतली. विसाव्या शतकाच्या त्या पहिल्या वर्षांत मराठी साप्ताहिकाच्या संपादकपदी बाई! आज 'दीनबंधू'चे अंक फार थोडे हाती लागतात. एवढ्या माणसांची एवढ्या वर्षांची बातमी, आणि तिचे कागद रद्दीत गेले. ब्राह्मणांच्या घरी पोथ्या जपून ठेवण्याची परंपरा होती. कुणब्याच्या घरी कागद चुलीजवळ, नाहीतर गळत्या पाख्याखाली.

'दीनमित्रा'चे भाग्य यापेक्षा बरे. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव नगर जिल्ह्यात पाटील घराण्यात दत्तक गेले. १९१० साली त्यांनी 'दीनमित्र' काढला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून तो १९६७ पर्यंत, म्हणजे आपल्या मरणापर्यंत, सत्तावन वर्षे चालवला. शिरूरहून नगर रस्त्याने पुढे गेले की तरवडी एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. ज्यांना जमेल त्यांनी जावे. पुण्या-मुंबईची पत्रे खेड्यात येतात हे सर्वांना ठाऊक. खेड्यातून निघालेले पत्र शहरांत जाते, ही उलटी मोट मुकुंदरावांनी चालवली. भटजीवाचून लागलेली लग्ने, सावकाराचे व्याज, कुलकर्ण्याची लेखणी हे त्यांचे रोजचे विषय. 'कुलकर्णी लीलामृत' हे त्यांचे पुस्तक १९१३ चे. जिथे कुलकर्ण्याने लिहिले तेच खरे, अशा गावात राहून ते लिहिलेले आहे.

आमचे आजोबा शिरूर तालुक्यातले. त्यांना वाचता येत नव्हते, पण ते 'दीनमित्रा'चे वाचक होते, आणि यात काही विसंगती नाही. पलटणीतून परतलेला एक शिपाई पारावर अंक वाची, आठ-दहा जण ऐकत, आणि वर्गणी वाटून भरत. आजोबांचा वाटा पैशांत नसे, खळ्यावर धान्यात असे. आमच्या चुलत आजीच्या लग्नाला भटजी बोलावला नाही तेव्हा भावकीने जेवणावर बहिष्कार टाकला. तो शिपाई मांडवात जुना अंक घेऊन आला, आणि कोणकोणत्या गावी अशी लग्ने लागली ती नावे त्याने मोठ्याने वाचली. आजोबा म्हणत, मंगलाष्टकांपेक्षा ती नावे लांबली. अक्षता मग पडल्या. ज्यांना अंकही ऐकायला मिळत नव्हता त्यांच्यासाठी सत्यशोधकांचे जलसे होते. तमाशाच्या फडासारखे गावोगाव जात आणि हाच मजकूर डफावर सांगत.

या मार्गावरून आणखी एक पत्र गेले, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर शिरूरच्या हद्दीला लागून असलेल्या भीमाकाठच्या स्तंभापाशी आले होते. तीन महिन्यांनी, ३ एप्रिलला, त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केला. त्याआधीचा 'मूकनायक' १९२० चा, शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने निघालेला. 'बहिष्कृत भारता'चे रकाने बाबासाहेबांना पुष्कळदा एकट्याने भरावे लागत. वर्गणी पुरेशी येत नसे. १९२९ अखेर तो बंद पडला. मग १९३० साली 'जनता' आली. या 'जनते'चे नाव ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध भारत' झाले, आणि नागपूरचे धर्मांतर झाले ते १४ ऑक्टोबरला. आधी पत्राने नाव बदलले, आठ महिन्यांनी माणसांनी धर्म बदलला. लाखो लोक एका दिवशी मैदानावर जमतात ते त्या दिवसाच्या निरोपाने जमत नाहीत. वर्षानुवर्षे दर आठवड्याला पारावर, चाळीच्या जिन्यात, दौंडसारख्या जंक्शनच्या फलाटावर ज्यांनी अंक वाचला आणि वाचून दाखवला, ते जमलेले असतात.

आमच्या पत्रकाची गोष्ट यापुढे सांगणे म्हणजे हत्तीच्या मागे शेळी चालवणे. पण ती या विषयातच बसते. १९९६ पासून पंधरा वर्षे आम्ही एक मासिक पत्रक काढले. आधी सायक्लोस्टाइल, मग ऑफसेट. किंमत दोन रुपये, आणि वर्गणीदाराचे नाव, खाते, टोकन नंबर वहीत लिहिण्याची पद्धत. टोकन नंबर लिहायचा तो पत्रक खात्यात जाऊन हाती देता यावे एवढ्यासाठी. मग सर्वांच्या हाती फोन आले, वर्गणी थकली, आणि पत्रक बंद पडले. कोणी बंद पाडले नाही; एका महिन्यात ते निघाले नाही आणि कोणी विचारले नाही.

त्यानंतर काही वर्षांनी एका कारखान्यातल्या कामगाराची विधवा आमच्याकडे आली. नवरा अकरा वर्षे कंत्राटदाराकडे राबला होता. कंत्राटदार बदलला होता, आणि नवा म्हणत होता की हा माणूस आमच्या कागदांत कुठेच नाही. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. आम्ही जुन्या वह्या काढल्या. २००१ पासून २००८ पर्यंत दर जानेवारीत त्याचे नाव होते, खाते होते, टोकन नंबर होता, आणि त्याची सही. पहिल्या वर्षी अंगठा, तिसऱ्या वर्षापासून सही. कायद्याच्या दृष्टीने ही वही म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, हे आमच्या वकिलांनी तेव्हाच सांगितले. पण तीत त्याच खात्यातली, त्याच वर्षांतली आणखी एकोणीस नावे होती. त्यांतले चौदा जण आम्हांला सापडले, आणि नऊ जण साक्षीला आले. बाईंना ग्रॅच्युइटीचे पैसे मिळायला साडेतीन वर्षे लागली. वह्या सध्या संघटनेच्या दौंडच्या खोलीत लोखंडी पेटीत आहेत. वाळवी लागू नये म्हणून दर पावसाळ्याआधी आम्ही त्या उन्हात घालतो.